घराचा दुभाष्या : प्राथमिक शाळेतील संगणकशिक्षण आणि भिलाई

प्राथमिक शाळेत संगणक असावा की नसावा, हा वाद शिक्षणविषयक चर्चेत अद्याप अधूनमधून डोके वर काढतो. वस्तुतः तो केव्हाच निकालात निघाला आहे, आणि तो निकालात काढण्याचे श्रेय कोणत्याही शिक्षणशास्त्रज्ञाकडे जात नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, आणि मोबाईल वर्गात आणल्याबद्दल विद्यार्थ्याला उभे करणाऱ्या शाळांनीच पालकांना तो मुलांच्या हाती देण्याची विनंती केली. छत्तीसगढ शासनाने ७ एप्रिल २०२० रोजी ‘पढ़ई तुंहर दुआर’ ही योजना सुरू केली. ‘शिक्षण तुमच्या दारी’ असा या छत्तीसगढी नावाचा अर्थ. शिक्षण दारी आले. त्याच दाराने इतरही पुष्कळ काही आत आले. महामारी ओसरली, शाळा उघडल्या, परंतु मुलाच्या हातातील यंत्र परत घेणे कोणालाच जमले नाही.

शासनाच्या विचाराची गतीही लक्षात घेण्याजोगी आहे. १९८४–८५ मध्ये केंद्र शासनाने शालेय संगणक-साक्षरतेचा पहिला मोठा प्रयोग केला तेव्हा ब्रिटिश बनावटीची यंत्रे काही निवडक माध्यमिक शाळांपुरतीच आली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण सहावीपासूनच्या टप्प्यावर अपेक्षिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांचा अभ्यासक्रम २०२६–२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासून आणण्याचे जाहीर केले. आता आठ वर्षांच्या मुलाला काय शिकवावे, ते कोणत्या तासाला शिकवावे आणि कोणत्या भाषेत शिकवावे, असे तीन प्रश्न उरतात. पहिल्यासाठी समित्या बसतात, दुसरा मुख्याध्यापक वेळापत्रक आखताना सोडवितात, तिसरा सहसा विचारलाच जात नाही. येथील विवेचनाचा रोख त्या तिसऱ्या प्रश्नावर आहे, आणि त्या प्रश्नाची धार ज्या गावात विशेष जाणवते असे गाव म्हणून भिलाईचा विचार करावयाचा आहे.

भिलाई हे यंत्राभोवती वसलेले गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात पोलाद-कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या चार वर्षांची हकीकत सांगताना टनांचे आकडे सांगितले जातात, मैत्रीची भाषणे आठवली जातात. पण त्या काळी कारखान्यात एक लहानसा वर्ग असा होता की ज्याच्यावाचून भट्टी पेटली नसती. तो वर्ग दुभाष्यांचा. एका बाजूला रशियन तंत्रज्ञ, दुसऱ्या बाजूला हिंदी, तेलुगू, बंगाली, मराठी, पंजाबी बोलणारे अभियंते आणि कामगार, आणि मध्ये दुभाष्या. झडप किती उघडावयाची, केव्हा बंद करावयाची हे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना शब्द चुकला तर काय होईल, याची जाणीव ठेवूनच त्याला तोंड उघडावे लागे.

मराठीला हा प्रदेश परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढवर आली आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा संबंध कोणत्या ना कोणत्या रूपाने टिकून राहिला. पुढे १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. पेंड्रा येथून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे घरचे मराठीच. कारखाना उभा राहिल्यावर विदर्भातून आलेली कुटुंबे सेक्टरांतील क्वार्टरांत राहू लागली, निवृत्तीनंतर अनेकांनी येथेच घरे बांधली. आज त्यांच्या नातवंडांची भाषिक दिनचर्या पाहावी : घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, खेळताना छत्तीसगढीमिश्रित हिंदी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. आणि मोबाईलच्या पडद्यावर जे काही महत्त्वाचे, बंधनकारक, पैशाशी संबंधित असे लिहिलेले असते, ते बहुधा इंग्रजीत.

या घरात नवा दुभाष्या कोण आहे, हे सांगावयास संशोधन नको. आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले असतात. फंड आणि ग्रॅच्युइटी यांची आयुष्यभराची पुंजी बँकेत असते, आणि बँक आता मोबाईलवर बोलते. निरोप येतो तेव्हा आजोबा चष्मा शोधत नाहीत. चौथीतल्या नातीला हाक मारतात. “बाळ, हे काय आलंय बघ.” ती वाचते, अर्थ लावते, बोटाने काहीतरी दाबते. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, शाळेच्या समूहावरील सूचना, आजीच्या हयातीच्या दाखल्यासाठी लागणारा अंक, हे सर्व तिच्या हातून जाते. भिलाईच्या पहिल्या दुभाष्यांना निदान आपण काय करीत आहोत हे ठाऊक होते. या मुलीला कोणी नेमलेले नाही, कोणी शिकविलेले नाही, आणि तिने चूक केली तर तिची किंमत तिला कळणारही नाही.

ऑनलाईन सुरक्षिततेचे जे पाठ प्राथमिक शाळांसाठी तयार होतात त्यांत मूल हे केवळ संभाव्य बळी म्हणून येते. त्याला वाईट माणसांपासून वाचवावयाचे असते. हे आवश्यक आहेच. परंतु मूल हे घराचा दुभाष्याही आहे, घरात येणाऱ्या प्रत्येक निरोपाचे पहिले वाचक आहे, ही वस्तुस्थिती त्या पाठांत कोठेच उतरत नाही. हा दोष वरवरचा नाही. बळी ठरू शकणाऱ्याला सूचना देऊन भागते. दुभाष्याला मात्र भाषा शिकवावी लागते.

एक साधे उदाहरण पुरे आहे. बँकेकडून व्यवहारासाठी एकदाच वापरावयाचा जो अंक मोबाईलवर येतो, त्या निरोपातच बहुधा लिहिलेले असते की हा अंक कोणालाही सांगू नये. म्हणजे सावधगिरीची सूचना अंकाला जोडूनच घरात येते. पण ती इंग्रजीत येते. त्याच वेळी फोनवरून जो मनुष्य तो अंक मागतो, तो हिंदीत बोलतो, प्रसंगी मराठीतही बोलतो, ‘काका’ म्हणतो, तब्येत विचारतो. सूचना परक्या भाषेत आणि फसवणूक घरच्या भाषेत, अशी ही व्यवस्था आहे. ज्या घरात यांतील दुसरीच भाषा समजते, त्या घराचा कौल कोणत्या बाजूने पडेल हे सांगणे नको.

भिलाईला सुरक्षितता या शब्दाचा अर्थ इतर गावांपेक्षा अधिक कळावयास हवा. १२ जून २०१४ रोजी कारखान्याच्या पाण्याच्या पंपगृहात विषारी वायू शिरून सहा जणांचा मृत्यू झाला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक-भट्ट्यांच्या गॅसवाहिनीला आग लागून दहाहून अधिक कर्मचारी दगावले. ज्या घरांतून ही माणसे गेली ती घरे या गावातच आहेत, आणि अशा गोष्टींना दाखल्याची कळा आणणे बरे नव्हे. तरीही २०१४ च्या घटनेतील एक तपशील येथे टाळता येत नाही. कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो त्या दिवशी जेथे आला ती जागा पाण्याची होती. धोका जेथे अपेक्षित असतो तेथून तो येता तर माणसे सावध असती. कारखान्यातील अनुभवी कामगार नवख्याला ‘इकडे जाऊ नको’ एवढेच सांगून थांबत नाही. कोणत्या नळातून काय वाहते, दाब कमी झाला तर काय उलटे फिरते, हे तो सांगतो. कारण माहीत असलेला नियम प्रसंगी आठवतो. नुसता पाठ केलेला नियम फलकावरच राहतो. कारखान्याच्या गावाने ही रीत आपल्या प्राथमिक शाळांत मात्र नेलेली दिसत नाही. तेथे सुरक्षिततेचा पाठ म्हणजे ‘हे करू नका, ते करू नका’ अशा दहा वाक्यांची यादी असते.

निषेधाच्या यादीचे भवितव्य काय असते हे भारतीय वाचकाला लक्ष्मणरेषेच्या कथेवरून ठाऊक आहे. ही रेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाही. ती पुढील परंपरेने काढली, आणि लोकमानसात मूळ कथेइतकीच पक्की बसली. लोकांनी ती कथेत घातली याचा अर्थ असा की, रक्षण म्हणजे रेषा ही कल्पना लोकांना प्रिय आहे. पण त्याच लोकांनी रेषा ओलांडली गेल्याचेही सांगितले, आणि ती का ओलांडली गेली हेही सांगितले. सीतेला नियम माहीत होता. दारी आलेला भिक्षेकरी तिच्या लोभाला किंवा मोहाला आवाहन करीत नव्हता. तो अतिथिधर्माला, म्हणजे तिच्या सद्गुणाला आवाहन करीत होता. मुलांची फसवणूक बहुधा याच रीतीने होते. वडीलधाऱ्यांचे ऐकावे, मदत मागणाऱ्याला मदत करावी, प्रश्न विचारला तर नीट उत्तर द्यावे, या चांगल्या सवयींनाच फसविणारा हात घालतो. मी पोलीस खात्यातून बोलतो, मी तुझ्या शाळेतून बोलतो, असे तो म्हणतो. आज्ञाधारक मूल लवकर फसते. तेव्हा सुरक्षिततेचा पाठ आज्ञांच्या रूपात देणे म्हणजे ज्या सवयीचा गैरफायदा घेतला जातो तीच सवय पुन्हा घट्ट करणे होय.

मुलाला जे शिकावयाचे आहे त्याचे नाव वाचन. येथे वाचन म्हणजे अक्षरे लावणे नव्हे. बोलणारा कोण आहे, तो कोणाशी बोलतो आहे, तो स्वतःविषयी जे सांगतो त्याला आधार काय, आणि हे तो आताच, इतक्या घाईने का सांगतो आहे, हे प्रश्न मजकुराला विचारण्याची सवय म्हणजे वाचन. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात तथाकथित ‘डिजिटल अटके’विषयी इशारा देताना थांबा, विचार करा आणि मग कृती करा, अशी त्रिसूत्री सांगितली होती. त्रिसूत्री योग्य आहे. तथापि थांबणे ही एका भाषणाने लागणारी सवय नव्हे. ती लागते गोष्ट वाचताना, शिक्षकाने मध्येच पुस्तक मिटून ‘हे कोण बोलतो आहे? त्याला हे कसे कळले?’ असे विचारल्याने. संगणकाच्या खोलीत, चाळीस मिनिटांत, एका यंत्रासमोर तिघे-चौघे बसलेले असताना ते होत नाही. ते भाषेच्या तासाला होऊ शकते.

मराठी परंपरेत यासाठी साहित्य शोधावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ असा बदल करण्यात आला, ही त्यासंबंधीची आख्यायिका प्रत्येक मराठी घरात माहीत असते. इतिहासकार तिच्या खरेपणाविषयी साशंक आहेत, आणि ते योग्यच आहे. पण ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार मराठी मुलाला एक अमूल्य गोष्ट शिकवून ठेवतो : निरोप लिहिणारा आणि निरोप पोचणारा यांच्या मध्ये वाट असते, त्या वाटेवर हात असतात, आणि एका अक्षराने अर्थ फिरतो. बँकेच्या खऱ्या पत्त्यातील इंग्रजी ‘ओ’ काढून तेथे शून्य बसविलेला खोटा पत्ता म्हणजे दुसरे काय आहे? ही गोष्ट इंग्रजी पारिभाषिक शब्दाने सांगितली तर मूल तो शब्द परीक्षेपुरता लक्षात ठेवील. ‘यात कोणीतरी ध चा मा केला आहे का, बघ’ असे सांगितले तर ते अक्षर न् अक्षर तपासील, आणि घरी जाऊन आजीलाही सांगेल. कारण आजीला ही गोष्ट आधीच माहीत आहे.

पत्रलेखनातील मायन्याचेही असेच आहे. शाळांतून मायना शिकविणे आता जुनाट मानले जाते. तीर्थरूप कोणाला लिहावे, चिरंजीव कोणाला, महोदय कोणाला, हे शिकताना मूल लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील नाते मजकुरात कसे उमटते ते शिकत असे. अपरिचित माणसाच्या तोंडी सलगीचा मायना आला की पूर्वीचा वाचक चमकत असे. खेळाच्या निमित्ताने पडद्यावर भेटलेला अनोळखी ‘दादा’ पहिल्याच दिवशी गुपित मागतो, तेव्हा चौथीतल्या मुलाने चमकावे, असे वाटत असेल तर मायना पुन्हा शिकवावा लागेल, कदाचित नव्या रूपात. ‘परवलीचा शब्द’ हा पर्यायही मराठीने किती चांगला दिला आहे! छावणीचा पहारेकरी, अंधार, समोरून येणारी आकृती आणि विचारला जाणारा शब्द, असे सबंध चित्र त्यात आहे. तो शब्द मित्रालाही का सांगावयाचा नाही, हे त्या चित्रातच कळते.

भिलाईच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी गावात मोठ्याने बोलले जात नाही. ‘महादेव’ या नावाने चालणाऱ्या ऑनलाईन सट्ट्याच्या प्रकरणात तपास यंत्रणांनी ज्यांना सूत्रधार म्हटले आहे ते या गावातून गेलेले आहेत. इतरांच्या नावावरील बँक-खात्यांतून पैसा फिरविला गेला असे यंत्रणांचे म्हणणे आहे. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने या आणि अशा इतर, मिळून बावीस उपयोजनांवर व संकेतस्थळांवर बंदी घातली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला. खटल्यांचा निर्णय न्यायालये देतील. शिक्षणाच्या दृष्टीने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. अशा व्यवसायाला मुखत्यार लागतात तसे आपले खाते, आपले नाव, आपला अंक थोड्या पैशांत वापरावयास देणारे तरुणही लागतात. ज्या गावाने पोलादाबरोबर शाळांचाही लौकिक मिळविला, जेथील मुले अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत देशात पुढे असत, तेथे ‘आपले नाव दुसऱ्याला वापरू देणे म्हणजे काय’ हा धडा कोणत्याही इयत्तेत नव्हता. मुलांना फसवणुकीपासून वाचविण्याची भाषा सर्वत्र ऐकू येते. मुले मोठी होऊन फसविणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसू नयेत, याचा विचार सुरक्षिततेच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळतो. नावाची, सहीची, दिलेल्या शब्दाची जबाबदारी ही गोष्ट आठव्या-नवव्या वर्षी कळू शकते. अठराव्या वर्षी ती सांगावयास जावे तर बराच उशीर झालेला असतो.

यंत्र स्वतः कसे चालते, हे शिकविण्याचे काय? ते अवश्य शिकवावे, आणि लवकर शिकवावे. सीमोर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पडद्यावरील कासवाला ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा आज्ञा देऊन मूल आकृती काढते, आणि अडले की स्वतः कासव होऊन चालून पाहते. यंत्र आपण सांगितलेलेच करते, समजून काहीच करीत नाही, हा बोध येथे खेळातून होतो. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर संगणक न वापरता संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ रचले. ते फळा, कागद आणि अंगण यांवर भागतात. आपल्याकडे अनुभव यंत्रे वाटण्याचा अधिक आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या वीस-बावीस मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलाला छोटा संगणक देण्याचा प्रयोग झाला. अशा प्रयोगांमागे पॅपर्ट यांचाच विचार होता. पण यंत्र पोचले म्हणजे विचार पोचला, असे समजण्याची घाई त्या काळी जगभर झाली.

याहून बोलके उदाहरण १९९९ मधील दिल्लीच्या कालकाजीचे आहे. सुगत मित्र यांनी तेथे भिंतीत संगणक बसवून तो वस्तीतील मुलांना खुला ठेवला. त्या प्रयोगाच्या निष्कर्षांविषयी मतभेद आहेत. पण मुलांनी पडद्यावरील बाणाला ‘सुई’ म्हटले आणि थांबा असे सुचविणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’ म्हटले, ही हकीकत भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये अशी आहे. कोणी शब्द दिले नव्हते; मुलांनी ते आपल्या घरातून आणि देवळातून आणले. नाव ठेवणे ही ताब्यात घेण्याची पहिली पायरी असते. तिसरीच्या नव्या अभ्यासक्रमात या मुलांना आयत्या इंग्रजी संज्ञा मिळतील, आणि ‘डमरू’ म्हणणाऱ्या मुलाला दुरुस्त केले जाईल, अशी भीती वाटते.

भाषेच्या अभावाचा सर्वांत गंभीर परिणाम ज्या विषयात होतो तो विषय लहान मुलांच्या लैंगिक छळाचा. या बाबतीत २०१२ चा कायदा आहे. १०९८ ही बालकांसाठी असलेली मदत-सेवा आहे. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. शाळांतून ‘गुड टच, बॅड टच’ हे शब्द शिकविले जातात. शिकविणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो. परंतु हे शब्द शाळेतून घरी जात नाहीत. मराठी घरात शरीराविषयी बोलण्याचे शब्द एक तर बालिश आहेत, किंवा शिवीचे आहेत, किंवा संस्कृत आहेत. पडद्यावरील कोणी छायाचित्र मागितले आणि मुलाने भीतीने ते दिले, तर ते आईला काय म्हणून सांगणार? इंग्रजी शब्द आईला कळत नाही, मराठी शब्द उच्चारला तर थप्पड बसेल असे मुलाला वाटते. अशा प्रसंगी गुन्हेगाराची सारी मदार मुलाच्या या मुकेपणावर असते. ज्या भाषेत मूल रडते त्या भाषेत हे सांगण्याचे दोन-चार साधे, न लाजविणारे शब्द देणे आणि ते पालकांच्या सभेत पालकांनाही उच्चारावयास लावणे, ही गोष्ट कोणत्याही गाळणी-यंत्रणेपेक्षा महत्त्वाची आहे. तसे करताना सभेत कुचंबणा होईल. ती सोसावी.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो समंजस माणसांकडून येईल, की हे सर्व करण्यापेक्षा लहान मुलांना या यंत्रापासून दूरच ठेवावे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये कायद्याची वाट न पाहता निर्णय घेतला. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यास करतात. या गावाचे कौतुक झाले ते योग्यच आहे. पण त्या दीड तासाचे बळ मनाईत नाही. भोंगा सर्वांसाठी होतो, मोठ्यांसाठीही होतो, आणि त्या वेळात घरात माणसे एकमेकांशी बोलतात. राष्ट्रीय कायद्यांचे तसे होत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेताना पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संकल्पना उत्तम आहे. पण सुपेल्यातील किंवा खुर्सीपारमधील ज्या घरात आईच्या मोबाईलवर येणारा प्रत्येक प्रश्न मुलगाच वाचून दाखवितो, तेथे आईची संमती कोणाच्या बोटाने दिली जाईल? दुभाष्याला बाहेर ठेवून घराशी करार करता येत नाही.

भाषाशिक्षकांचा आक्षेप निराळा असेल : आमच्याकडे तास आधीच थोडे, त्यांतही जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत कामे आमच्याच माथी, आता हेही आम्हीच करावयाचे काय? तक्रार रास्त आहे. परंतु येथे नवा विषय सुचविलेला नाही. पत्रलेखन आहेच, गोष्ट आहेच, ‘कोण कोणास म्हणाले’ हा प्रश्न तर पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो, फक्त त्याचे महत्त्व विचारणाऱ्यालाही उमगलेले नसते. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलापासून संगणनविषय आवश्यक केला आणि स्वतःची माहिती खासगी ठेवण्याचा भाग त्यातच घातला. तेथे एका भाषेत हे भागू शकते. भिलाईच्या वर्गात पाच घरांच्या पाच भाषा असतात, आणि एकाच भाषेत छापलेली पुस्तिका त्यांतील चार घरांच्या उंबरठ्यावर थांबते.

पोलाद-कारखान्याच्या शाळांची संख्या गेल्या काही दशकांत घटली आहे. दुसरीकडे, गावापासून थोड्या अंतरावर कुटेलाभाटा येथे २०१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर उभा आहे. या दोहोंमध्ये काही देवघेव व्हावी, संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राथमिक शिक्षकांबरोबर बसून तिसरी-चौथीच्या मुलांसाठी हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मराठी अशा भाषांत वीस-वीस पानांच्या पुस्तिका तयार कराव्यात, अशी सूचना करण्यास हरकत नसावी. मराठी पुस्तिकेचे काम या भागातील मराठी मंडळांनी अंगावर घ्यावे. गणेशोत्सवातील वक्तृत्वस्पर्धेला जेवढा वेळ जातो तेवढ्यात ती लिहून होईल. छापण्यापूर्वी ती चौथीतल्या दहा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि त्यांच्या आजोबांना ऐकवावी. आजोबा जेथे ‘म्हणजे काय?’ म्हणून थांबवितील ती ओळ बदलावी.